रूरच्या खोऱ्यात
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंडपात उभे राहून बोलावयाचे म्हणजे धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावयाचा, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु तो इतिहास ज्यांनी स्वतः अनुभवला, ती वडील माणसे आज पहिल्याच रांगेत बसलेली आम्हांस दिसत आहेत. त्यांच्यासमोर आम्ही तो सांगू लागणे हे सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे होईल. म्हणून उत्सवसमितीने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही परमुलखाचा विषय घेतला.

तो मुलूख आपणांस अगदीच परका मात्र नाही. ज्या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या या नगर जिल्ह्यात पायपीट करून शाळा काढल्या, दुष्काळात धान्य वाटले आणि मंदिरे उभारली, त्यांतील फादर हेन्री डोरिंग हे वेस्टफालियाचे. त्यांनीच १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. त्या वेस्टफालियाच्या पश्चिम अंगास, ऱ्हाईन नदीपर्यंत, कोळशाचा आणि पोलादाचा एक विस्तीर्ण मुलूख आहे. त्यास रूर म्हणतात. फादर डोरिंग आपल्या खेड्यांतून हिंडत होते त्या काळी त्यांच्या मायदेशी या मुलखात धुराड्यांचे रान माजत होते. आज तेथे कोळशाची एकही खाण चालू नाही. हा पालट कसा झाला, कोणी त्याची किंमत भरली, आणि तो खरोखर किती झाला आहे, एवढेच आज सांगण्याचा आमचा हेतू आहे.

रूर हे एक शहर नव्हे. डुइसबुर्ग, ओबरहाउझेन, एस्सेन, बोट्रोप, गेल्झेनकिर्खेन, बोखुम, डॉर्टमुंड अशी अनेक शहरे एकमेकांस खेटून वाढली. एकाची वेस कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे परक्यास कळत नाही. त्रेपन्न नगरांचा व ग्रामांचा हा समुदाय असून त्यात सुमारे पन्नास लाख माणसे राहतात. १९५७ च्या सुमारास या मुलखात चार लाखांहून अधिक माणसे खाणींवर कामास होती आणि वर्षाला बारा कोटी टनांच्या आसपास कोळसा वर येत असे. कोळशाचा कोक करावयाचा, कोक झोतभट्टीत घालावयाचा, लोखंड करावयाचे, लोखंडाचे पोलाद, आणि पोलादाचे रूळ, तोफा, जहाजांचे पत्रे. सारा मुलूख या एकाच साखळीत ओवलेला होता. पोलंडकडून माणसे आली; पुढे इटलीहून आली; १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आली. भूगर्भात शिरल्यावर सर्वांची तोंडे सारखीच काळी होत, म्हणून तेथे कोणी कोणाचा मुलूख फारसा विचारीत नसे, असे सांगतात. वर आल्यावर विचारीत असत, हेही खरे.

त्या वैभवाचा धूरही तेवढाच दाट होता. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळी पांढरे राहत नसे. खाणकामगारांच्या बायका वाऱ्याची दिशा पाहून धुणे काढीत. १९६१ साली विली ब्रांट यांनी निवडणुकीच्या एका भाषणात, रूरचे आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे, अशी मागणी केली. तेव्हा पुष्कळांनी ती थट्टेवारी नेली. धूर म्हणजे भाकरी, धूर थांबला तर चूल थांबेल, हा त्यांचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९६२ च्या डिसेंबरात, थंड हवेखाली विषारी धुके कोंडले आणि माणसे दगावली. मग मात्र थट्टा ओसरली.

परंतु कोळशाचा अंमल संपला तो धुरामुळे नव्हे. तो संपला बाजारभावामुळे. हे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण सद्‌बुद्धी सुचली म्हणून कारखाने बंद झाले अशी भाबडी समजूत आपल्यात पसरू नये. १९५८ साली अमेरिकेचा कोळसा आणि अरबस्तानचे खनिज तेल रूरच्या कोळशाहून स्वस्त पडू लागले. जो कोळसा हजार-हजार मीटर खोलीतून उकरावयाचा, तो उघड्या खाणीतल्या कोळशाशी स्पर्धा कशी करणार? विहिरीच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाच्या राशी पडू लागल्या आणि एकेक खाण मिटू लागली. १९६८ साली बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणण्यात आल्या. त्यानंतर पन्नास वर्षे हे मिटणे चालले होते.

पन्नास वर्षे! आमच्या मते या कथेचा गाभा येथे आहे. जो धंदा मरणार हे ठरले, त्यास एका दिवसात मारावयाचे की हळूहळू निरोप द्यावयाचा, हा प्रश्न होता. रूरच्या लोकांनी, म्हणजे कामगारसंघ, सरकार आणि कंपनी यांनी भांडत-भांडत, दुसरा मार्ग धरला. कोणीही खाणकामगार उघड्यावर पडता कामा नये, हे सूत्र ठरले. एक खाण मिटली की तेथील माणसे दुसऱ्या खाणीवर घेतली जात. भूगर्भात काम करणाऱ्यास पन्नाशी गाठल्यावर पेन्शन सुरू होईपर्यंत निर्वाहवेतन मिळे. तरुणांस दुसरा हुन्नर शिकविला जाई. या सर्वांस सरकारने इतक्या वर्षांत शंभर अब्ज युरोंहून अधिक द्रव्य ओतले. ते सारे शहाणपणाने खर्च झाले असे आम्ही म्हणणार नाही. मरणाऱ्या धंद्यास वाचविण्यात जे गेले ते नव्या धंद्यांच्या वाट्यास गेले असते तर बरे झाले असते, अशी टीका जर्मनीतच होते आणि ती निराधार नाही. तरी लक्षावधी माणसांचा धंदा मिटला आणि घरे उद्ध्वस्त झाली नाहीत, हे आम्हांस मोठे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर परळ-लालबागच्या चाळींत काय घडले, हे या सभेतील पुष्कळांच्या आप्तांनी पाहिले आहे. तेथे निरोप नव्हता.

खाणकामगारांची ही एकमेकांस धरून राहण्याची वृत्ती फार जुनी आहे. १२६० साली हिल्डेसहाइमच्या बिशपांनी हार्झ डोंगरातील रामेल्सबर्ग खाणीवरील संत योहानाच्या बंधुसंघास आपल्या संरक्षणाखाली घेतले. आजारी, जायबंदी व निर्धन झालेल्या खाणकामगारांस साहाय्य करणे हे त्या बंधुसंघाचे काम होते. जर्मनीत खाणकामगारांचा जो विमा आहे तो आपले मूळ तेथपर्यंत नेतो. एका मंदिराच्या आधाराने जमविलेली पेटी साडेसातशे वर्षांनी राष्ट्राच्या विमासंस्थेत सामावली गेली, ही गोष्ट धर्मग्रामाच्या महोत्सवात सांगण्याजोगी आहे असे समजून आम्ही हे विषयांतर केले.

शेवटची खाण बोट्रोप येथील प्रॉस्पर-हानिएल. २ मे १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी या खाणीस भेट दिली होती. खाणीतून निघालेल्या दगडमातीचा जो डोंगर बाहेर साचला आहे, त्यावर पुढे १९९५ साली क्रूसाची वाट तयार करण्यात आली. तिच्या प्रत्येक स्थानाशी खाणकामाचे एखादे साधन ठेवलेले आहे, आणि शुभ शुक्रवारी लोक त्या काळ्या चढावरून क्रूसामागून जातात. २१ डिसेंबर २०१८ रोजी ही खाण मिटली. त्या सुमारास एस्सेनच्या कॅथीड्रलमध्ये कॅथोलिक व प्रॉटेस्टंट यांनी एकत्र उपासना केली. शेवटच्या पाळीच्या माणसांनी कोळशाचा एक गोळा वर आणून राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती दिला. खाणकामगारांची आश्रयदाती संत बार्बारा हिचा सण ४ डिसेंबरास असतो. म्हणजे तिचा सण साजरा करून सतरा दिवसांनी खाणीचे दार लावले गेले.

आता नदीची गोष्ट. आम्हांस विचाराल तर साऱ्या रूरमध्ये हीच सर्वांत मोठी.

रूर नदीच्या उत्तरेस एम्शर नावाची लहानशी नदी वाहते. कारखाने व वस्ती वाढली, तसे साऱ्यांचे सांडपाणी तिच्यात येऊ लागले. सांडपाण्यासाठी जमिनीखाली नळ घालावे, तर ते शक्य नव्हते. कारण खालून कोळसा काढला की वरची जमीन खचते आणि नळ फुटतात. म्हणून १८९९ साली तेथील नगरांनी व कारखान्यांनी मिळून एक संस्था स्थापिली आणि नदीच उघडे गटार करून टाकली. वळणे काढून ती सरळ केली, दोन्ही अंगांस काँक्रीटच्या गुळगुळीत भिंती बांधल्या, वर कुंपण घातले. त्या भिंतींवरून पाय घसरलेल्यास वर येणे कठीण. म्हणून आया मुलांस तिकडे फिरकू देत नसत. लोकांनी तिच्या फाट्यांस जे नाव ठेवले होते ते या मंडपात उच्चारण्याजोगे नाही. सुमारे शंभर वर्षे असे चालले.

मग खाणी मिटत गेल्या आणि जमीन स्थिर झाली. जमीन स्थिर झाली म्हणून नळ घालणे शक्य झाले. म्हणजे जी नदी खाणींमुळे मेली, तिला खाणी थांबल्याशिवाय जिवंत करताच आले नसते. १९९२ साली काम सुरू झाले. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत एक्कावन्न किलोमीटर लांबीचा सांडपाण्याचा प्रचंड नळ जमिनीखालून नेला. तो काही ठिकाणी सुमारे चाळीस मीटर खोल आहे, आणि पाणी पुन्हा वर आणण्यासाठी मोठमोठी उपसाकेंद्रे बांधावी लागली. साऱ्या कामास सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले. १८९९ साली ज्या संस्थेने नदीचे गटार केले, तिनेच हे काम केले. चूक जिची, दुरुस्तीही तिचीच, असे दृश्य सार्वजनिक कामांत विरळा दिसते. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी येणे थांबले. काँक्रीट फोडून काढलेल्या भागांत तीरावर वेत व गवत उगवले आहे, मासे परत आले आहेत. २०२२ साली ऱ्हाईनशी तिचा संगमही नव्याने मोकळा करण्यात आला.

तीस वर्षे लागली, हे ध्यानात घ्यावे. काम सुरू करणारे पुष्कळजण ते पुरे होण्यापूर्वी सेवानिवृत्त झाले किंवा वारले.

जमिनीचे खचणे मात्र दुरुस्त होण्यासारखे नाही. एकावर एक असलेले कोळशाचे थर काढून घेतल्यामुळे काही ठिकाणी भूमी वीस मीटरांहून अधिक खाली बसली आहे. तेथे माणसे राहतात, शाळा आहेत, बाजार आहेत. परंतु पंप थांबविले तर पावसाचे व नद्यांचे पाणी त्या बशीत साचून त्यांचे तलाव होतील. शिवाय मिटलेल्या खाणींत झिरपणारे खारे पाणी वर चढून पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून तेही उपसावे लागते. हे काम अमुक वर्षांनी संपेल असे नाही. जर्मन लोक त्यास चिरंतन कार्य म्हणतात, आणि यात अतिशयोक्ती नाही. २००७ साली यासाठी एक निधी स्थापन करण्यात आला. जुन्या कोळसा कंपनीचा रसायनांचा कारखाना त्याच्या मालकीचा केला. त्याच्या उत्पन्नातून, २०१९ पासून, वर्षाला वीस कोटी युरोंहून अधिक खर्च भागविला जातो. कोळसा दीडशे-दोनशे वर्षे जळला; त्याचे पाणी पणतूंच्या पणतूंनी उपसावयाचे आहे. आपल्याकडे कोळशाच्या किमतीत हा हिशेब कोणी मांडतो की काय, हे चंद्रपूरकडे नोकरीस असलेल्या आमच्या बांधवांनी आम्हांस सांगावे.

खाणींच्या जागी काय आले? प्रथम विद्या आली. पन्नास लाखांच्या या मुलखात १९६५ पूर्वी एकही चालू विद्यापीठ नव्हते. हातांस काम आहे, डोक्यास कशास हवे, असा मालकवर्गाचा भाव असावा. १९६५ साली बोखुम येथे विद्यापीठ सुरू झाले, मग डॉर्टमुंडला, मग इतरत्र. आज त्या मुलखात दोन लाखांहून अधिक विद्यार्थी शिकतात. खाणकामगाराची मुलगी वैद्य झाली, मुलगा अभियंता झाला, हे याच विद्यापीठांमुळे. दुसरे असे की, खाणीवाल्यांनी जमिनी अडवून ठेविल्या होत्या. परका कारखानदार आला तर आपली माणसे तिकडे जातील या भीतीने ते त्या विकत नसत. १९८० च्या सुमारास राज्यसरकारने निधी काढून त्या पडीक जमिनी विकत घेण्यास प्रारंभ केला, त्यांतील विषारी माती काढली, आणि मग कोठे नव्या धंद्यांस जागा मिळाली.

एस्सेनची त्सोलफेराइन ही खाण १९८६ साली मिटली. ती न पाडता जतन केली, आणि २००१ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. डुइसबुर्गच्या झोतभट्ट्यांभोवती उद्यान झाले. तेथील वायूच्या टाकीत पाणी भरून लोक बुड्या मारण्यास शिकतात. डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागातील फिनिक्स पोलाद कारखाना २००१ साली बंद पडल्यावर चिनी कामगारांनी येऊन तो सुटा केला आणि जहाजांतून चीनला नेला. रिकाम्या जागेत २०१० पासून पाणी भरून तळे केले. तळे देखणे आहे. त्याच्या काठची घरे जुन्या पोलादकामगाराच्या ऐपतीची नव्हेत.

बोट्रोपचे उदाहरण आम्हांस अधिक आवडते, कारण त्यात दिखाऊ काही नाही. २०१० साली या नगराने ठरविले की, सुमारे सत्तर हजार वस्तीच्या भागातून निघणारा कर्बवायू दहा वर्षांत निम्म्यावर आणावयाचा. नवे नगर बांधले नाही. जुन्याच घरांच्या भिंतींस ऊब धरून ठेवणारे अस्तर लावले, जुने बंब बदलले, छपरांवर सौर पट्ट्या बसविल्या. जाणते लोक घरोघर जाऊन, फुकट, प्रत्येक घरमालकास त्याच्या घराचे काय करता येईल ते सांगत. निवृत्त खाणकामगार स्वतःच्या घराचा हिशेब घेऊन बसले. दहा वर्षांनी आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की सर्व गोड झाले. तसे नाही, आणि तसे सांगून टाळ्या घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. बोखुम येथे एका मिटलेल्या खाणीच्या जागेवर १९६२ साली ओपेल मोटारीचा कारखाना आला, खाणकामगारांस वाटले आता पिढ्यांची सोय झाली. तो २०१४ च्या अखेरीस बंद झाला. त्याच नगरातील नोकियाचा कारखाना २००८ साली रुमानियास गेला. गेल्झेनकिर्खेनने सूर्यनगर होण्याचा ध्यास घेतला. १९९९ साली तेथे सूर्यप्रकाशातून वीज करणाऱ्या पेशींचा कारखाना निघाला. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे जर्मनीचा तो धंदाच कोसळला. आज देशातील सर्वांत अधिक बेकारी असलेल्या नगरांत गेल्झेनकिर्खेनची गणना होते. स्वच्छ धंदा झाला म्हणून तो टिकाऊ होतोच असे नाही. बाजार त्यालाही कोळशासारखाच वागवितो.

आणि विसंगती पाहा: २०१८ साली शेवटची खाण मिटली, पण कोळसा जळणे मिटले नाही. तो परदेशांतून जहाजाने येत राहिला. २०२० साली रूरच्याच उत्तर टोकास डाटेल्न येथे कोळशावर चालणारे नवे वीजकेंद्र सुरू झाले. धूर आपल्या अंगणातून गेला म्हणजे जगातून गेला, असे समजण्याची चूक श्रीमंत देश सहज करतात.

आता सर्वांचे डोळे डुइसबुर्गकडे लागले आहेत. लोखंडाच्या खनिजात प्राणवायू जखडलेला असतो. झोतभट्टीत कोकचा कर्ब तो ओढून घेतो आणि कर्बवायू होऊन आकाशात जातो. त्याऐवजी हायड्रोजन वायूने तो ओढून घेतला, तर उरते ते पाणी. थिसेनक्रुप कंपनीने २०२२ साली अशी भट्टी बांधण्याचे ठरविले. २०२३ साली सरकारने सुमारे दोन अब्ज युरोंचे साहाय्य मंजूर केले. परंतु स्वच्छ हायड्रोजन महाग आणि दुर्मिळ. २०२५ साली कंपनीने त्याच्या खरेदीची निविदा तूर्त थांबविली. तत्पूर्वी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पोलादविभागातील अकरा हजार नोकऱ्या कमी करण्याचा किंवा बाहेर देण्याचा बेत तिने जाहीर केला होता. कारखान्याच्या दारापुढे पुन्हा कामगार जमले. त्यांच्या आज्यांनी १९५८ नंतर जे प्रश्न विचारले, तेच त्यांनी विचारले. नवी भट्टी कोळशावाचून लोखंड करील, हे रसायनशास्त्र सांगू शकते. तिच्यापाशी किती माणसे उभी राहतील, हे ते सांगत नाही. ते पूर्वीप्रमाणेच टेबलाभोवती बसून भांडून ठरवावे लागेल.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखविले आहे, तरी एक लहान गोष्ट सांगून बसतो. बोखुम येथे रॉबर्ट म्यूझर नावाची मिटलेली खाण आहे. तिच्यातून ते चिरंतन पाणी रोज उपसावेच लागते. भूगर्भाच्या उष्णतेने ते थंडीतही कोमट असते. एरवी ते तसेच नदीत सोडले जाई. २०१२ च्या सुमारास तेथील लोकांनी त्या पाण्याच्या वाटेवर एक यंत्र बसविले, जे त्यातील ऊब काढून घेते. त्या उबेवर दोन शाळा आणि आग विझविणाऱ्या बंबांचे एक ठाणे हिवाळ्यात गरम राहते. बाहेर बर्फ असते तेव्हा वर्गातील मुले त्या नळ्यांवर हातमोजे वाळत घालीत असतील, आणि त्यांतील कित्येकांच्या आज्यांनी ती खाण खणली असेल.